बिनआढ्याचं छप्पर

तुमचा धंदा काय, असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी सांगते, "मी छप्परं बनवते." समोरची बाई माझ्याकडे जरा दयेनेच बघते. तिला वाटतं, मी पत्रे विकते. मग मला राहवत नाही. हातातलं ताट बाजूला ठेवून मी तिला समजवायला लागते. कौलं असोत की पत्रे, त्यांच्या खाली लाकडाचा त्रिकोणी सांगाडा असतो, त्याला कैची म्हणतात. अशा कैच्या एकामागे एक उभ्या केल्या की छपराचा आकार तयार होतो. सुतार त्या घराच्या अंगणात बसून महिनाभर ठोकत राहतो. आम्ही त्या आमच्या जागेत बनवतो, सगळ्या एका मापाच्या, टेम्पोत घालून नेतो आणि एका दिवसात उभ्या करतो. एका दिवसात! इथे माझा आवाज चढतो आणि नवरा मला कोपर मारतो. पण तोवर आजूबाजूच्या दोन-तीन माणसांचे घास हातातच राहिलेले असतात, आणि त्यातल्या एखाद्याला हमखास शेतावर घर बांधायचं असतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं मला अशीच मिळाली आहेत.

पहिलं गिऱ्हाईक मात्र असं मिळालं नाही. त्याची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या वखारीची सांगायला हवी.

शहापूरहून किन्हवलीकडे जाताना रस्त्याला लागूनच बाबांची लाकडाची वखार आहे. पुढे करवतीचं मशीन, बाजूला लाकडाच्या थप्प्या आणि मागे मोठं उघडं आवार. मी भुशातच वाढले. शाळेच्या दप्तरातून भुसा निघायचा, वेणीतून निघायचा, डब्यातल्या भाजीतूनसुद्धा निघायचा. पुढे डिप्लोमा केला आणि वाशिंदच्या एका कारखान्यात प्रॉडक्शनला लागले. तिथे मला एक वेड लागलं: पहिली वस्तू आणि शंभरावी वस्तू सारखीच निघाली पाहिजे. घरी यायचे तेव्हा बाबांच्या वखारीत दोन चौकटी शेजारी ठेवल्या तर बहिणी वाटाव्यात, जुळ्या कधीच नाही. मी तसं बोलून दाखवलं की बाबा म्हणायचे, "दोन घरं सारखी नसतात, तर चौकटी कशाला सारख्या पायजेत?"

मग दिवस पालटले. लोक स्लॅब टाकू लागले, दारं तयार आणू लागले, खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या. करवत अर्धा दिवस गप्प बसायला लागली. त्याच वेळी शहापूर-मुरबाडकडे फार्महाऊसं उठत होती, माळशेजच्या रस्त्याला हॉटेलं होत होती, आणि त्या सगळ्यांना लाकडी उतरतं छप्पर हवं होतं. मी नोकरी सोडली. मागच्या आवारात साच्याचं एक लांबलचक टेबल बनवून घेतलं, गाड्यांच्या जॅकपासून एक प्रेस करून घेतला आणि बंदरातून येणारं पाइनचं लाकूड मागवलं. कैच्या बनवायला सुरुवात केली. उन्हात, डोक्याला पंचा बांधून.

बाबांना हे पटत नव्हतं असं नाही. त्यांना भरवसा वाटत नव्हता. त्यातच गोदामवाला आला. महामार्ग जवळ आल्यापासून आमच्या बाजूला गोदामांची रीघ लागली आहे. त्याला आमची सगळी जागा भाड्याने हवी होती, मागच्या आवारासकट. दर आठवड्याला यायचा, बाबांबरोबर चहा घ्यायचा, "काका, बघा मग" म्हणून निघून जायचा. बाबांचे गुडघे दुखत होते. घरबसल्या भाडं मिळालं असतं तर त्यांचं काय चुकलं असतं? पण मी चिडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. शेवटी त्यांनी एके सकाळी मला मागे बोलावलं.

"हे बग बाय," ते म्हणाले, "टेबलावर काय बी बनतं. एक छप्पर उभं करून दाखव. मी सोता येऊन बघीन. उभं राह्यलं तर आवार तुजं. नाय राह्यलं तर मी त्याला हो म्हणतो, नि तू मग रुसायचं नाय."

"कबूल," मी म्हटलं. त्या क्षणी माझ्याकडे एकही गिऱ्हाईक नव्हतं.

आणि मग मावशी आली! माझी सख्खी नव्हे; मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडी आत एक वाडी आहे, तिथे ती खानावळ चालवते. ती आमच्याकडे बाकड्यांसाठी फळ्या घ्यायला आली होती. मी तेव्हा मागे नमुन्याच्या कैचीवर उभी राहून उड्या मारत होते.

"काय करतंस गो?"

"मोडते का बघते."

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. कैची मोडली नाही. मग तिने सांगितलं की तिला जेवायला बसायची मोठी खोली बांधायची आहे, भिंती झाल्याही आहेत, पण सगळे सुतार मधे खांब घालायला सांगतात. "मधे खांब आला की वाढणारीचा हात आपटतो, नि रस्सा जातो माणसाच्या मांडीवर. मला खांब नको. खांबाबिगर होईल काय?"

होईल काय! कैचीचं सगळं कौतुक तेच तर आहे. ती या भिंतीवरून त्या भिंतीवर जाते आणि मधे कुणाचाच आधार मागत नाही. मी तिला खडूने जमिनीवर चित्र काढून दाखवलं. इतकी भरभर बोलत होते की तिने मला आधी पाणी प्यायला लावलं.

कल्याणच्या एका इंजिनिअरकडून मी मापं तपासून घेतली आणि आम्ही कामाला लागलो. माझ्याकडे किन्हवलीकडची चार माणसं होती, दोन पुरुष, दोन बायका. ती भातकापणी संपवूनच आली, त्याआधी बोलावण्यात अर्थ नव्हता. एक जण कापायचा, दोघी तुकडे साच्यात बसवायच्या, चौथा प्रेस दाबायचा. जोडांवर दोन्ही बाजूंनी दातेरी पत्रे बसतात. प्रेस दाबला की त्यांचे दात लाकडात घुसताना कर्रर आवाज येतो. तो आवाज मला अजूनही फार आवडतो. पहिली कैची निघाली, दुसरी निघाली, तिसरी दुसरीवर ठेवली आणि मी टोकांवरून हात फिरवला. कुठेही बोट अडलं नाही. मी ओरडलेच. दोघी बाया दचकल्या आणि मग त्याही हात फिरवून बघायला लागल्या. बाबा पुढे खुर्चीत बसून पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते. मी जेवायला गेले की मागे येऊन काठीने थप्पीवर टकटक करून जायचे, हे मला त्या बायांनी सांगितलं.

माल निघाला त्या दिवशी मी टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसले. कैच्या मागे बाहेर आलेल्या, शेंड्यांना लाल फडकी बांधलेली. किन्हवलीच्या बाजारात लोक बाजूला होऊन बघत होते. सरळगावच्या नाक्यावर एकाने विचारलं, "सर्कस आली काय?" मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हटलं, "छप्पर आलंय!" मला हसू आवरत नव्हतं.

वाडीत माल उतरवला, भिंतीला लागून नीट थप्पी लावली. मावशीचा दीर तिथे होता. पंचक्रोशीतली बरीच घरं त्याच्या हातची, जाणता सुतार. तो थप्पीभोवती फिरला. एका कैचीच्या शेंड्यावरून अंगठा फिरवला, वाकून पाहिलं, मान हलवली. मला वाटलं, कौतुक करतोय. "उद्या येतो, उभं करू," असं सांगून मी परत निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे पोचलो, माझी चार माणसं, मी आणि बाबा. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. वाडीत तर सण असल्यासारखं होतं. आमच्याकडे छप्पर चढवायचं म्हटलं की शेजारपाजारचे बोलवावे लागत नाहीत. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, अशी सावड असते. पुरुष दोरखंड घेऊन आले होते, बायका चुलीपाशी होत्या, कोंबडीचा रस्सा उकळत होता. आणि अंगणात दोन लाकडी घोड्यांवर एक लांबच लांब, जाड, तासून गुळगुळीत केलेलं ऐनाचं लाकूड ठेवलं होतं. त्याला हळदकुंकू लावलेलं, मधोमध आंब्याच्या पानांचा टाळ बांधलेला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आढं," मावशीचा दीर म्हणाला. जसं काही मी भाकरीला हे काय म्हणून विचारलं होतं.

मग माझी नजर थप्पीकडे गेली. माझ्या कैच्यांना शेंडे नव्हते. प्रत्येक कैचीच्या टोकाला, बरोब्बर मधोमध, करवतीने आणि पटाशीने कोरलेली चौकोनी खाच होती. सगळ्यांना. एकूण एक.

तो पुढे आला. चेहऱ्यावर मोठं समाधान. "तुमच्या माणसांकडनं खाच राह्यली व्हती. आढं बसणार कुठं? म्हटलं, उद्या खोळंबा नको. काल तुमी गेल्यापासनं बसलोय. नि हे," त्याने एक डबा माझ्या हातात दिला, "तुमचे पत्रे. काढून ठेवलेत. वाया नको जायला."

डब्यात माझे सगळे शेंड्याचे दातेरी पत्रे होते. पुसून ठेवलेले!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आढं म्हणजे छपराच्या अगदी शेंड्यावरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारं लाकूड. जुन्या पद्धतीच्या घरात सगळे वासे त्याच्यावर टेकतात. आढं चढलं की घर झालं. त्याच दिवशी नारळ फुटतो, जेवण होतं. पण कैचीच्या छपराला आढं लागतच नाही. कैच्या आपल्या आपण उभ्या राहतात, आणि सगळा भार शेंड्याला दोन उतार एकमेकांवर टेकून पेलतात. तोच शेंडा या माणसाने कापला होता. जोड सुटू नयेत म्हणून वर चार-चार खिळे मारून ठेवले होते, एवढीच काय ती दया.

मी भडकले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" इथपासून सुरुवात झाली. तोही काही कमी नव्हता.

"आढ्याबिगर छप्पर असतं काय कुठं?"

"असतं! हेच होतं!"

"मग टाळ कुठं बांधायचा? नारळ कशापुढं फोडायचा?"

"कुठेही फोडा, माझ्या डोक्यावर फोडा!"

मावशी मधे पडली. पण ती माझ्या बाजूने पडली नाही. "ताई, तुझं शिक्षण मोठं हाय, पर बिनआढ्याच्या घरात आमची माणसं जेवायला नाय बसायची. मला आधी बोलायचं व्हतंस." आणि इतक्यात माझ्या मागून हसण्याचा आवाज आला. बाबा! भिंतीला टेकून, पोट धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, झालं. आवार गेलं. उद्या गोदामवाल्याला चहाबरोबर बिस्किटंही मिळणार. पण बाबांसमोर रडायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

मी टेप काढला. खाच किती खोल, किती रुंद, खाली किती लाकूड उरलं आहे ते पाहिलं. एकीचं मोजलं, दुसरीचं मोजलं. आणि कबूल करायलाच हवं, रागातही मला आत कुठेतरी गंमत वाटायला लागली, कारण त्या खाचा सगळ्या सारख्या होत्या. माझ्या वेडात बसणाऱ्या. वेड्यावाकड्या असत्या तर प्रत्येक कैचीचं दुखणं वेगळं झालं असतं. इथे सगळ्यांना एकच दुखणं होतं, म्हणजे औषधही एकच चालणार होतं.

मी कल्याणच्या इंजिनिअरला फोन लावला.

"शेंडा कापला? सगळ्यांचा? कशासाठी?"

"आढं बसवायला."

"कसलं आढं?"

त्यांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. दीर फोनच्या मागे येऊन उभा राहिला आणि आढ्यावरची हळद नीट दिसेल असा हात करून दाखवू लागला. इंजिनिअरांनी फोन खाचेच्या अजून जवळ न्यायला लावला. मग म्हणाले, खाचेच्या खाली दोन्ही बाजूंनी जाड प्लायवूडच्या त्रिकोणी फळ्या लावा, आरपार बोल्ट घाला, मापं पाठवतो. "पण एक कैची आधी भार टाकून बघा. मी फोनवर थांबतो. ती टिकली तरच बाकीच्यांना हात लावा."

"प्लाय मुरबाडला मिळेल," मी म्हटलं, "कुणीतरी..."

"मी जातो," बाबा म्हणाले. हसून हसून डोळे लाल झाले होते. आम्ही आलो होतो त्या पिकअपची चावी घेतली आणि गुडघ्यांवर हात ठेवत चढून बसले. मला तेव्हा वाटलं, निदान एवढी तरी दया आली म्हणायची.

ते प्लाय आणि बोल्ट घेऊन आले आणि आमच्या अंगात वारं भरलं. दोघी बायांनी फळ्या आखल्या, एकाने कापल्या, मी भोकं पाडत होते. दीर माझ्या समोर बसून बोल्ट आवळत होता, आणि आमचं भांडण चालूच होतं.

"पत्रा मजबूत की बोल्ट?"

"पत्राच मजबूत होता, तुम्ही काढलात म्हणून बोल्ट!"

"मग बोल्टच पयल्यापासनं लावायचा व्हता."

पहिली कैची तयार झाली तेव्हा दुपार कलली होती. दगडांचे दोन ठोकळे रचून आम्ही ती त्यांच्यावर उभी केली. कलंडू नये म्हणून दोन्हीकडून माणसं दोर धरून. खाली, लाकडापासून करंगळीभर अंतर सोडून, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधली, कैची किती वाकते ते कळावं म्हणून. आता भार कशाचा? मी इकडेतिकडे बघत होते तोवर बायका घराकडे पळाल्यासुद्धा. नुकत्याच झोडपून भरलेल्या भाताची पोती डोक्यावरून आली. या घरातलं एक, त्या घरातलं एक. दोराने एकेक पोतं कैचीला टांगायला लागलो.

मी सुतळीपाशी जमिनीवर पालथी पडले होते. एक गाल मातीला टेकलेला, एका हातात फोन, फोनवर इंजिनिअर. "अजून एक," ते म्हणायचे. पोतं चढायचं. लाकूड एकदा टक्क वाजलं आणि सगळे मागे सरले. दोर धरणारे मात्र हलले नाहीत. सुतळी आणि लाकूड यांच्यामध्ये माझ्या करंगळीचं टोक घालून बघितलं. तेवढंच. "अजून एक!" मी स्वतःच ओरडले. पोतं चढलं. पुन्हा बघितलं. तेवढंच!

"पुरे," फोनवरून आवाज आला. "पास."

मी उठले ती तशीच उडी मारून. मातीने भरलेली. मावशीने मला मिठी मारली, दिराने डोक्यावरची टोपी काढून हवेत फिरवली, आणि कुणीतरी ओरडलं, "पोती उतरवा रे, नायतर रात्री भात नाय!" संध्याकाळपर्यंत बाकीच्या सगळ्या कैच्यांना फळ्या बसल्या. त्या रात्री आम्ही मावशीकडेच राहिलो, आणि मी कशी झोपले ते मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी छप्पर चढलं. ते मी कितीही वेळा सांगितलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. पहिली कैची दोन्ही भिंतींवर टेकवून उलटी लटकवली, शेंडा खाली. मग दोन्ही भिंतींवर उभ्या माणसांनी तिचे पाय धरले, आणि खालच्यांनी टोकाला फाटे असलेले बांबू शेंड्याला लावून ढकलायला सुरुवात केली. "हां, उचल! हां, उचल!" शेंडा वर जातो, आडवा होतो, अजून वर जातो, आणि एका क्षणी ती कैची जणू स्वतःच ठरवते आणि उभी राहते. आभाळाच्या पुढ्यात एक त्रिकोण. मग दुसरी. मग तिसरी. माझी माणसं तिरके आधार ठोकत होती, मी लेव्हल घेऊन या भिंतीवरून त्या भिंतीवर पळत होते. बाबा खाली, मधोमध, खुर्ची नको म्हणून उभेच. मान वर. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला वरून दिसत नव्हतं आणि बघायची हिंमतही नव्हती.

शेवटची कैची उभी राहिली तेव्हा दिराने खालून हाक दिली, "आता आढं!"

ते दोरांनी वर आलं. टाळासकट, हळदीसकट. आम्ही ते एका टोकाने पहिल्या खाचेत घातलं आणि पुढे सरकवत नेलं. दुसरी खाच, तिसरी खाच. हातोडीचा एकेक हलका ठोका, आणि ते बसत गेलं. खाचा सरळ रेषेत होत्या एवढं मी मान्य करते, त्याहून जास्त काही मान्य करणार नाही. पण आढं बसल्यावर मी एका कैचीला धरून हलवलं, तर कुठलीच कैची हलेना. सगळ्यांनी एकमेकींचे हात धरले होते. जे लाकूड मी कागदावर वाचवलं म्हणून मिरवत होते, तेच आता माझ्या हाताखाली होतं आणि मला भयंकर आवडलं होतं. आता आमच्या बाजूच्या प्रत्येक छपराला मी शेंड्याला आढ्याची जागा ठेवूनच कैची बनवते. बोल्टसुद्धा पहिल्यापासून लावते. दिराला हे मी अजून सांगितलेलं नाही.

मी खाली उतरले. खोलीत कुठेही खांब नव्हता, नुसती मोकळी जमीन आणि तिच्यावर उतारांच्या सावल्या. मावशी ताट घेऊन आली. छप्पर चढवणाऱ्या मेस्त्रीला आढ्याच्या दिवशी मान देतात, नारळ, टोपी आणि पंचा. तिने ताट वयाने मोठे म्हणून बाबांपुढे धरलं.

बाबांनी हात मागे घेतले. "मी मेस्त्री नाय," ते म्हणाले. "मेस्त्री ती हाय."

मावशी हसली, आणि ती पांढरी टोपी तिने माझ्या मातकट केसांवर बसवली. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मला बाबांकडे बघवत नव्हतं. ते माझ्या समोर आले. मला वाटलं आता काहीतरी थट्टा करणार.

"मी गिऱ्हाईक म्हणून आलोय," ते म्हणाले. सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. "किन्हवलीच्या रस्त्याला माझी वखार हाय. मागं आवार उघडं पडलंय, तिथं उन्हात माणसं काम करतात. त्याच्यावर छप्पर पायजे. करून देशील काय?"

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आणि गोदामवाला?" मी कसंबसं विचारलं.

"त्याला काल मुरबाडवरनंच फोन करून नाय म्हणून सांगितलं. प्लाय घेताना."

काल. प्लाय घेताना. तेव्हा तर माझ्या सगळ्या कैच्यांचे शेंडे कापलेले होते. तेव्हा एकही फळी लागली नव्हती, एकही पोतं टांगलं नव्हतं. तेव्हा माझ्याकडे नुसता एक टेप होता.

"आणि बाबा, आज हे उभं राहिलं नसतं तर?"

"तर परवा राह्यलं असतं," बाबा म्हणाले. "ते जाऊं दे. मला तारीख सांग. गिऱ्हाइकाला असं ताटकळत ठेवायचं नाय."

मी तारीख सांगितली. पण तोवर मी इतकी रडायला लागले होते की ती त्यांना दोनदा विचारावी लागली.